भिंत केवढी, चित्र केवढं?

भाड्याचा फ्लॅट मिळाला. डिपॉझिट भरून झालं, गाद्या आल्या, वायफाय लागलं. आता बेडसमोरची कोरी पांढरी भिंत खायला उठते. मग रात्री एक वाजता स्क्रोल करता करता एक पोस्टर दिसतं. फोटोत ते सोफ्याच्या वर असं काही ऐटीत लटकलेलं असतं की बोट आपोआप ‘बाय नाउ’वर जातं. चार दिवसांनी पार्सल येतं, गुंडाळी उलगडता आणि बघता तर काय, हे एवढंसं! लाँगबुकपेक्षा थोडंसं मोठं. भिंतीवर चिकटवल्यावर तर ते कॉलेजच्या नोटीस बोर्डावरच्या सूचनेसारखं दिसायला लागतं.

यात पोस्टरचा काही दोष नाही. चित्र कशाचं घ्यायचं यावर आपण आठवडाभर डोकं लावतो, ग्रुपवर पोल घेतो; पण साइज मात्र दोन सेकंदांत निवडून मोकळे होतो, तीही बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त. दुकानाच्या फोटोवर विसंबून राहण्यातही अर्थ नसतो. तो सोफा, ती भिंत, ती कुंडी हे सगळं बऱ्याचदा कॉम्प्युटरवर जोडलेलं असतं. तुम्ही ए-फोर निवडा नाहीतर ए-वन, समोरचं दृश्य तेच राहतं. शिवाय आपल्यासाठी खास छापून घेतलेली प्रिंट परत घेतली जाईलच असं नाही. पॉकेटमनीतले पैसे एकदा गेले की गेले.

म्हणून या वेळी उलटं करून बघा. आधी भिंत मोजा, मग साइज ठरवा आणि चित्र सगळ्यात शेवटी निवडा. त्यासाठी लागणार काय? मेजरिंग टेप, पेन्सिल आणि कालचा पेपर.

भिंत म्हणजे पूर्ण भिंत नव्हे

१० बाय १० च्या खोलीतली भिंत कागदावर १० फुटांची असते. पण तिच्यातून दार वजा करा, खिडकी वजा करा, कपाट आणि कपाटाचं दार उघडायला लागणारी जागा वजा करा. स्विचबोर्ड, बॅग अडकवायचे हुक आणि दोरीवर वाळत घातलेले कपडेही वजा करा. उरते ती तुमची खरी भिंत. ती बऱ्याचदा चार-पाच फुटांचीच निघते.

टेप नसेल तर वीत आहेच. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत ताणलेला पंजा म्हणजे एक वीत. स्वतःची वीत एकदा पट्टीवर मोजून ठेवा, आठ इंच असेल, नऊ असेल. मग कुठल्याही दुकानात ‘हे केवढं होईल?’ असं कोणाला विचारावं लागत नाही.

दोन तृतीयांशचा हिशोब

चित्र भिंतीवर एकटं नसतं. त्याच्या खाली काहीतरी असतं: बेड, टेबल, सोफा, बुकशेल्फ. डोळा या दोन्ही गोष्टी एकत्रच बघतो. म्हणून घर सजवणाऱ्यांचा एक सरळ ठोकताळा आहे. खालच्या वस्तूची जेवढी रुंदी, तिच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश रुंदी चित्राची हवी. त्याहून खूप कमी असेल तर चित्र हरवल्यासारखं दिसतं. खालच्या वस्तूपेक्षाच रुंद असेल तर ते डोक्यावर पडेल असं वाटतं.

आता तुमच्या खोलीत हा हिशोब लावू या. समजा स्टडी टेबल तीन फुटी आहे, म्हणजे ३६ इंच. त्याचे दोन तृतीयांश होतात २४ इंच. ए-टू आकाराची प्रिंट आडवी धरली तर ती २३.४ इंच रुंद असते. काम झालं.

समजा सिंगल बेड लांबीच्या बाजूने भिंतीला लावलाय. सहा फूट म्हणजे ७२ इंच, त्याचे दोन तृतीयांश ४८. एवढं मोठं एकच चित्र घ्यायचं म्हणजे खिशाला फटका. मग ए-थ्री आकाराच्या तीन प्रिंट उभ्या लावा. बारीक फ्रेम आणि थोडी कोरी कड धरून एक फ्रेम बाहेरून १४ इंच रुंद झाली, तर तीन फ्रेमचे ४२ इंच आणि मधल्या दोन फटींचे तीन-तीन इंच. बेरीज बरोबर ४८! तीन लहान चित्रं मिळून एका मोठ्या चित्राचं काम करतात. अट एकच, मधली फट दोन-तीन इंचांचीच ठेवायची. फूटभर अंतरावर लावलीत तर डोळा त्यांना एकत्र धरत नाही, तीन अनोळखी माणसं बसस्टॉपवर उभी असावीत तशी ती दिसतात.

मित्रमैत्रिणींच्या फोटोंची भिंत करायची असेल तरी नियम हाच. चार बाय सहा इंचांचे उभे १५ फोटो घ्या. एका ओळीत पाच, अशा तीन ओळी करा आणि मध्ये एकेक इंच सोडा. २४ इंच रुंद आणि २० इंच उंच असा एक चौकोन तयार होतो. टेबलावर हा चौकोन मस्त बसतो. तेच १५ फोटो भिंतभर विखुरले तर मात्र वाढदिवसाचं उरलेलं डेकोरेशन वाटतं.

हेच पान भिंतीवर लावा

आकडे सगळ्यांना डोळ्यांसमोर आणता येत नाहीत. ‘२४ बाय १६’ म्हटल्यावर डोक्यात काहीच येत नसेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. अशा वेळी पेपर कामाला येतो.

जेवढी साइज मनात आहे तेवढा तुकडा जुन्या पेपरातून कापा. लहान पडला तर दोन पानं जोडा. मग कागदी टेपने भिंतीवर लावा आणि लगेच निर्णय न घेता दोन दिवस तसाच राहू द्या. दारातून आत येताना बघा, बेडवर आडवं पडून बघा, रात्री ट्यूबलाइटमध्ये बघा. लहान वाटला तर पुढच्या साइजचा तुकडा लावा. यात खर्च शून्य.

बहुतेक मोठ्या आकाराच्या पेपरांचं एक पान ए-थ्रीपेक्षा मोठं आणि ए-टूपेक्षा लहान असतं. म्हणजे पूर्ण पान लावल्यावरही भिंत रिकामी वाटत असेल, तर ए-थ्रीची ऑर्डर द्यायच्या भानगडीत पडू नका.

ए-फोर ते ए-वन

झेरॉक्सच्या दुकानात आपण रोज ‘ए-फोर’ म्हणतो, पण या मापांमागचं गणित गमतीदार आहे. ए-झिरो कागदाचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर. तो मधोमध दुमडला की ए-वन, तो पुन्हा दुमडला की ए-टू, मग ए-थ्री, मग ए-फोर. दर वेळी कागद निम्मा होतो, पण लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं.

ए-फोर: २१ बाय २९.७ सेंटिमीटर
ए-थ्री: २९.७ बाय ४२ सेंटिमीटर
ए-टू: ४२ बाय ५९.४ सेंटिमीटर
ए-वन: ५९.४ बाय ८४.१ सेंटिमीटर

यातून खिशाचंही गणित कळतं. ए-टू म्हणजे दोन ए-थ्री आणि चार ए-फोर. सनबोर्डवर किंवा व्हिनाइलवर प्रिंट काढणारे बऱ्याचदा चौरस फुटावर पैसे लावतात. एक बाय दीड फुटाचं चित्र दीड चौरस फूट होतं. दोन बाय तीन फुटांचं चित्र सहा चौरस फूट. लांबी-रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं आणि बिलही त्याच वाटेने जातं. ‘थोडंसंच मोठं करा ना’ असं म्हणण्याआधी हे डोक्यात असू द्या.

मूळ चित्र केवढं होतं?

हॉस्टेलच्या भिंतींवर हमखास दिसणारी काही चित्रं आहेत. त्यांची मूळ मापं बघितली की आश्चर्य वाटतं. साल्वादोर दालीचं वितळणाऱ्या घड्याळांचं चित्र फक्त २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे, म्हणजे आपल्या ए-फोर कागदापेक्षा थोडंसंच मोठं. होकुसाईची ती प्रसिद्ध निळी लाट मुळात साधारण २५ बाय ३७ सेंटिमीटरचा ठसा आहे, ए-थ्रीपेक्षाही लहान. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटर, म्हणजे ए-टू आणि ए-वनच्या मध्ये. आणि पिकासोचं ‘गेर्निका’? साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब. ते आपल्या अख्ख्या खोलीतही मावणार नाही.

मूळ मापातच छापा असं कोणी म्हणत नाही. पण चित्राचं प्रमाण मोडू नका. व्हॅन गॉगचं ‘स्टारी नाइट’ जवळपास ९२ बाय ७४ सेंटिमीटरचं आहे. ए-थ्री कागद त्या मानाने जास्त लांबट असतो. पूर्ण कागद भरायचा म्हटलं तर उंचीतून सुमारे चार सेंटिमीटर कापावे लागतात, म्हणजे वरचं आकाश तरी जाणार नाहीतर खालचं गाव. न कापता छापलं तर दोन्ही बाजूंना कोरी पट्टी राहते. कोरी पट्टी केव्हाही चांगली. पण ‘ताणून बसवा’ असं प्रिंटवाल्याला चुकूनही सांगू नका.

स्वतः काढलेला फोटो छापायचा असेल तर आधी पिक्सेल बघा. ए-टू आकारासाठी साधारण ३५०० बाय २५०० पिक्सेल असले तर दोन-तीन फुटांवरून बघायला तो चांगला दिसतो. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलवरचा मूळ फोटो एवढा असतो. व्हॉट्सअॅपवरून साध्या फोटोसारखा आलेला मात्र दाबून लहान झालेला असतो, तो मोठा केला की फुटतो. मित्राकडून फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून मागवा.

जवळून बघणार की लांबून?

साइज ठरवताना आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: हे चित्र मी कुठून बघणार आहे? दालीचं ते इवलंसं चित्र जवळ जाऊन बघायचं चित्र आहे. होकुसाईचा ठसाही तसाच. ज्यात बारीक कलाकुसर आहे, ते लहान असलं तरी चालतं, पण मग त्याची जागा टेबलासमोर हवी.

वारली चित्रांचं उदाहरण घ्या. ती मुळात घराच्या भिंतीवरच काढली जायची. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक सुवासिनी रेखायच्या. तिथे ‘चित्राची साइज काय?’ हा प्रश्नच नव्हता, कारण भिंत हाच कागद होता. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कॅनव्हासवर आणली, जगभर पोचवली. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका वारली चित्रात तारपा वाजवणारा असतो, नाचणाऱ्यांचा वेटोळा असतो, झाडं, कोंबड्या, मुंग्या असं सगळं बोटाएवढ्या आकृत्यांमध्ये असतं. असं चित्र ए-फोरमध्ये छापून समोरच्या भिंतीवर आठ फुटांवर लावलं तर लांबून नुसते पांढरे ठिपके दिसणार. तेच टेबलासमोर लावा, लेक्चरचा कंटाळा आला की रोज नवी मुंगी सापडेल.

याउलट मोठा चेहरा, दोन-तीन रंगांचं पोस्टर, जाड अक्षरातली ओळ लांबून चांगली दिसते. डोळ्यांपासून दीड फुटावर तीच गोष्ट अंगावर येते.

आजोबांचा फोटो आणि तुमचं पोस्टर

आता उंची. साइज अगदी बरोबर निवडली आणि चित्र छताजवळ टांगलं, तर ते पुन्हा लहानच दिसतं. आणि आपल्याला उंच टांगायची सवय असते.

गावाकडचं घर किंवा चाळीतली खोली आठवा. देवांच्या तसबिरी, पणजोबांचा फोटो दाराच्या चौकटीच्याही वर, ओळीने, थोडे पुढे झुकलेले. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला आणि छापील देवदेवता साध्यासुध्या घरांच्या भिंतींवर आल्या. त्या तसबिरींना वर मान करूनच बघायचं असतं. ती उंची मानाची आहे. पण तुमच्या आवडत्या बँडच्या पोस्टरला कोणी हात जोडणार नाही. ते डोळ्यांसमोर हवं.

मोकळ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवा, म्हणजे पावणेपाच ते पाच फुटांवर. आर्ट गॅलऱ्यांमध्ये साधारण हीच उंची पाळली जाते. लक्षात घ्या, खिळा ५७ इंचांवर ठोकायचा नाही. चित्राचा मध्य तिथे यायला हवा. २४ इंच उंचीची फ्रेम असेल तर ५७ मध्ये निम्मी उंची म्हणजे १२ मिळवा, ६९ झाले. फ्रेमच्या मागची दोरी ताणल्यावर वरच्या कडेपासून दोन इंच खाली येत असेल तर ते दोन वजा करा. खिळा ६७ इंचांवर.

खाली बेड किंवा टेबल असेल तर चित्राची खालची कड त्याच्यापासून वीतभर वर ठेवा. टेबलावर पुस्तकांचा ढीग आणि लॅपटॉप असतोच, तेव्हा वीत त्या ढिगाच्या वरून मोजा. आणि खोलीत फक्त गाद्या असतील, सगळे खालीच बसत असतील, तर चित्रही फूटभर खाली आणा. बसलेल्या माणसाला दिसलं म्हणजे झालं.

कमी पैशात मोठं

मोठी प्रिंट परवडत नसेल तर लहान प्रिंटला मोठं माउंट लावा. माउंट म्हणजे चित्र आणि फ्रेम यांच्यामधला जाड कागदाचा कोरा चौकोन. ए-थ्री प्रिंटला चारही बाजूंनी दोन इंच माउंट आणि एक इंचाची पट्टी लावली तर ती बाहेरून साधारण पावणेअठरा बाय साडेबावीस इंच होते. ए-टूच्या जवळपास! छपाईचा खर्च ए-थ्रीचा आणि भिंतीवर दिसणं ए-टूचं. मात्र फ्रेमवाल्याला आधीच विचारा, कारण माउंट वाढलं की पट्टी आणि काचही वाढते. दोन्ही हिशोब समोर ठेवा. काचेऐवजी अॅक्रिलिक मिळालं तर वजन कमी होतं. डोक्यावर टांगायचं असेल तर वजनाचा विचार आधी, बाकी सगळं नंतर.

फ्रेमच नको असेल तर मोठ्या आकारासाठी कापड हा चांगला मार्ग आहे. एखादी जुनी छापील ओढणी किंवा बेडशीटचा तुकडा वर-खाली काठीला शिवला की तीन-चार फुटांची भिंत सहज भरते.

भिंत आपली नाही, हे विसरू नका

घरमालक किंवा पीजीच्या काकू ‘खिळे ठोकायचे नाहीत’ म्हणाल्या असतील, तर साइजचा निर्णय तिथेच बदलतो. काच लावलेली जड फ्रेम टेपवर टिकत नाही. मग फ्रेम टेबलावर किंवा शेल्फवर ठेवून भिंतीला टेकवा, किंवा हलकी प्रिंट घ्या. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप डिस्टेंपरच्या भिंतीवर लावली तर काढताना रंगाचे पोपडेही बरोबर येतात आणि ते तुमच्या डिपॉझिटमधून वळते होतात. कपाटामागे कुठेतरी एक छोटा तुकडा आठवडाभर लावून बघा, मगच समोरच्या भिंतीला हात लावा.

पंखाही विसरू नका. बिनफ्रेमचा मोठा कागद पंख्याच्या वाऱ्याने रात्रभर फडफडतो, म्हणून चारही कोपरे आणि खालची कड नीट चिकटवा. आणि पावसाळ्यात ज्या भिंतीला ओल येते, तिथे कागद नकोच. फ्रेम असेल तर मागच्या खालच्या कोपऱ्यांना बूच किंवा रबराचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यातून हवा खेळती राहते.

खोली तिघांची, भिंत कोणाची?

एकाला फुटबॉल हवा, दुसऱ्याला अॅनिमे, तिसऱ्याला गावच्या गडाचा फोटो. भांडण चित्रावरून होतं, पण साइजवरून मिटवता येतं. तिघांची आवड वेगळी राहू द्या, माप एकच ठेवा. तीन ए-थ्री, एकसारख्या फ्रेम, एका रेषेत मध्य, मध्ये तीन-तीन इंच. मगाशी बेडच्या वर लावलेला ४८ इंचांचा हिशोबच हा. कोणाचं चित्र मोठं, कोणाचं लहान ही कटकट नाही आणि भिंतही एकाच घराची वाटते. फ्लॅट सोडताना ज्याने त्याने आपापली फ्रेम घेऊन जायची. ए-थ्री बॅगेतही मावते.

तेव्हा या वीकेंडला ऑर्डर देण्याआधी एवढंच करा. रिकामी भिंत मोजा, खालच्या वस्तूची रुंदी मोजा, तिचे दोन तृतीयांश काढा. तेवढा पेपर कापून भिंतीवर लावा आणि दोन दिवस त्याच्यासोबत राहा. तिसऱ्या दिवशी तो आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि मगच दुकान उघडा. कापायला हेच पान घेतलंत तरी चालेल, फक्त मागची बाजू वाचून झाली आहे का ते रूममेटला विचारून घ्या.